भालदाराच्या मापाचा अंगरखा

सव्वीस वर्षं बाबांनी भाला धरला. टपालाच्या सॉर्टिंग ऑफिसात ते पत्रं लावायचे आणि तिथल्या नाट्यमंडळाच्या दर वर्षीच्या नाटकात भालदार व्हायचे. पडदा उघडला की सिंहासनाच्या डाव्या हाताला बाबा; पडदा पडला की बाबा तिथंच. ज्या वर्षी सामाजिक नाटक असे, त्या वर्षी भाल्याच्या जागी चहाचा ट्रे येई, एवढाच काय तो फरक.

आई म्हणायची, "यांना विचारा भाला कुठल्या हातात धरायचा ते. डॉक्टरेट मिळालीय त्यांना त्यात."

बाबा हसायचे. आईच्या बोलण्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. ऑफिसातून आल्यावर चपला काढताना ते स्वयंपाकघराकडे कान देऊन उभे राहत, आज काय ऐकायला मिळतंय म्हणून.

त्या वर्षी बाबा रिटायर होणार होते. महिनाअखेरीला नोकरी संपणार, आणि नोकरीबरोबर नाट्यमंडळही, कारण मंडळ फक्त नोकरीत असलेल्यांचं. शेवटचं नाटक मंडळाच्या सेक्रेटरींनी स्वतः लिहिलं होतं. हे गृहस्थ कायम बगलेत डायरी घेऊन हिंडत, म्हणून सगळे त्यांना 'डायरी'च म्हणत. नाटक होतं सहाशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज राजाचं. चुलतभाऊ फौज घेऊन दारात येतो आणि राजा आपल्या हातानं मुकुट उतरवून देतो. शेवटी राजाला तीन पानांचं भाषण. नेहमीच्या नायकाची बदली झालेली, आणि बाकीच्यांनी ती तीन पानं बघून हात वर केले. बाबा म्हणाले, "मी पाठ करतो."

ते घरी आले तेव्हा त्यांचा चेहराच वेगळा होता. "मी राजा आहे," ते दारातूनच म्हणाले.

आतून आई म्हणाली, "मग राजे, खालून सिलेंडर वर कोण आणणार?"

पण मी बघितलं ना, तिनं पदरानं तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसतच राहिली.

पोशाखाचं काम माझ्याकडे आलं. मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या शिवणखोलीत आहे. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनच्या खोलीतले हिरवे कपडे, पेशंटचे झगे. वीस वर्षं हेच शिवते. आमच्या हाताला एक वळण पडलेलं असतं. बाहेरचा शिंपी शिवणीत अर्धं बोट कापड सोडतो. आम्ही दोन्ही कुशीत तीन-तीन बोटं सोडतो, बाह्यांतही सोडतो. झगे उकळत्या पाण्यात धुतले जातात, कापड आटतं. आणि पेशंट कोणत्या अंगाचा येईल ते देवालाच ठाऊक. आज काडीसारखा असलेला उद्या सुजून दुप्पट होतो. तेव्हा उसवून सैल करायला आत माया हवी. ही सवय इतकी मुरलेली, की घरचा रुमाल शिवला तरी मी कडेला दोन बोटं जास्तच दुमडते.

बाबांनी वाचनालयातून एक जाड पुस्तक आणलं. त्यात रंगीत चित्र होतं: सिंहासनावर समोर तोंड करून बसलेला राजा, अंगात पायघोळ लाल अंगरखा, छातीवर चालणारे तीन सोनेरी सिंह, खांद्यावर पांढऱ्या केसाळ कातड्याचं आवरण आणि त्यात काळे काळे ठिपके.

"हे काळं काय?" आईनं चष्मा चढवून विचारलं.

"शेपट्या आहेत त्या. थंडीत पांढरा होणारा एक छोटा प्राणी असतो, मुंगसासारखा. त्याच्या शेपटीचं टोक तेवढं काळं राहतं."

"म्हणजे राजा अंगावर मेलेली मुंगसं घेऊन हिंडायचा? आणि राणी चालवून घ्यायची?"

"राणीला पण तेच घालायला देत."

"बरं झालं बाई, मी सॉर्टिंगवाल्याच्या घरात पडले."

कापडाचा प्रश्न हॉस्पिटलनं सोडवला. मोठ्या साहेबांच्या मीटिंगच्या खोलीतले मखमली पडदे कंडेम झाले होते. मरून रंग, चुण्यांच्या वरच्या बाजूला ऊन लागून फिके पडलेले उभे पट्टे. मी स्टोअरकीपरला अर्ज दिला, त्यानं तीन सह्या घेतल्या आणि दोन पडदे माझ्या पिशवीत आले. फिके पट्टे मी असे उभे लावले, की लांबून बघणाऱ्याला वाटावं दिव्याचा उजेड घडीवर पडलाय. देवाचं नाव घेऊन मी कात्री चालवली, आणि खरं सांगते, वीस वर्षांत प्रथमच खडूची रेघ आधी तीनदा मोजली. चादर चुकली तर चादर जाते. इथं बाबांची सव्वीस वर्षं टेबलावर पसरली होती.

राजाची पाठ कशी असते हे चित्रात नव्हतंच. मागे कळ्या होत्या की चुण्या, देव जाणे. मी बाबांना उभं केलं, मागून बघितलं आणि ठरवलं. खांद्यापासून टाचेपर्यंत एकच सरळ घोळ, मध्ये जोड नाही. बाबांची छाती चौतीस. ते लहान चणीचे. पण तो घोळ अंगावर पडला की उंच दिसायचे.

पांढऱ्या कातड्यासाठी फ्लॅनेल ब्रशनं उलटं घासून केसाळ केलं. काळ्या शेपट्या आईनं केल्या. काळ्या लोकरीच्या, करंगळीच्या पेराएवढ्या, चौसष्ट. गुडघे दुखतात म्हणून स्वयंपाक आटोपला की ती तशीही खाटेवरच असते. घर तिसऱ्या मजल्यावर, जिना उतरून वर्ष झालेलं. ती एकेक शेपटी टाचायची आणि मोजायची. सिंह मी जुन्या पिवळ्या रेनकोटातून कापले, कडेनं सोनेरी दोरा फिरवला.

आईनं ते उजेडात धरले. "हे सिंह आहेत की दूध पिऊन पळालेली मांजरं?"

"आई!"

"नाही, मधला जरा सिंहासारखा वाटतो. त्याचा चेहरा तुझ्या काकांवर गेलाय."

मुकुट बिस्किटाच्या डब्याचा. बाबांनीच पत्रा कापला, कानशीनं कडा घासल्या, आतून जुनं स्वेटर लावलं. आणि हे सगळं चालू असताना भाषण चालूच. दाढी करताना भाषण, कपडे वाळत घालताना भाषण. "घ्या हा मुकुट. देताना हात थरथरला तर तो वयाचा समजा. राज्य दिलं, फौज दिली, किल्ल्या दिल्या. पण राजासारखं उभं राहायची या पाठीला लागलेली सवय, ती मी कुणाच्या ओंजळीत घालू?"

इथं बाबा थांबायचे. थांबणं त्यांचं स्वतःचं होतं, डायरीनं लिहिलेलं नव्हतं. एखादे बुवा ओवी अर्ध्यावर सोडून नुसते उभे राहतात आणि समोरच्यांचा श्वास अडकतो, तसं ते थांबणं. माझ्या अंगावर काटा यायचा.

आई आतून म्हणायची, "राज्य नंतर सोडा, आधी नळ सोडा. पाणी जाईल."

पण पुढे पुढे मी ऐकलं, बाबा अडखळले की खाटेवरून पुढचा शब्द यायचा. तिचं सगळं पाठ झालं होतं.

नाटकाला पंधरा दिवस उरले तेव्हा मी अर्धी रजा टाकून, टाचण्यांचा डबा आणि अंगरखा घेऊन तालमीला गेले. ऑफिसच्या मागच्या हॉलमध्ये टपालाच्या रिकाम्या थैल्यांवर सगळे बसलेले. त्याच आठवड्यात नवे साहेब रुजू झाले होते. धिप्पाड माणूस, घसा मोकळा, हसणं दिलखुलास. वाईट नव्हते हो. वाईट असते तर मला राग धरणं सोपं गेलं असतं. ते डायरीबरोबर सहज तालीम बघायला आले होते.

"कॉलेजात मीही नाटकं केलीत," साहेब म्हणाले. "बक्षीस आहे मला."

डायरीनं डायरी उघडली, जणू ते बक्षीस तिथं आधीच लिहिलेलं होतं. "साहेब, मग आपण मंडळाला लाभायला हवं!"

"नाही हो, आता कुठलं," म्हणत साहेबांनी माझ्या हातातला अंगरखा घेतला, मखमलीवरून हात फिरवला. "अरे वा! हा कुणी केला?"

"माझ्या मुलीनं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

साहेबांनी गंमत म्हणून तो शर्टावरूनच डोक्यात घातला. बगलेत अडकला. हात वर, डोकं आत, तीन सिंह छातीवर ताणलेले. सगळे हसले, साहेबही आतून हसले. कुणीतरी ओढून काढायला हात घातला. तिथंच सगळं संपायचं. दोन मिनिटांत अंगरखा बाबांच्या अंगावर असता.

आणि बाबा म्हणाले, "थांबा थांबा, ओढू नका. साहेब, आमच्या लेकीच्या शिवणीत कापड भरपूर असतं! बाजारातल्यासारखं नाही. दोन्ही कुशीत तीन-तीन बोटं, बाह्यांत वेगळं. हत्तीलासुद्धा बसवील ती."

मनात काही नव्हतं त्यांच्या. त्यांना माझं कौतुक सांगायचं होतं. सव्वीस वर्षं रंगमंचावर एक वाक्य न बोललेला माणूस चारचौघांत आपल्या लेकीची थोरवी सांगत होता.

डायरीची नजर साहेबांकडून अंगरख्याकडे, अंगरख्याकडून बाबांकडे फिरली. "मग प्रश्नच मिटला," ते म्हणाले.

"कसला प्रश्न?" बाबांनी विचारलं.

"नाही, म्हणजे साहेब राजा म्हणून उभे राहिले तर मंडळाची शान... तुम्ही तर आपलेच. घरचे."

साहेब अंगरख्यातून बाहेर आले, केस विस्कटलेले. "छे छे, हे यांचं काम आहे. त्यांनी पाठांतर केलंय."

सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा हसले. भालदाराचं हसू होतं ते, मी ओळखते. "नाही साहेब," ते म्हणाले, "राजाला अंग पाहिजे, आवाज पाहिजे. तुम्हालाच शोभेल."

मग डायरी माझ्याकडे वळले. "आहे ना हो ताई, तेवढं कापड?"

एका शब्दाचं काम होतं. 'नाही' म्हटलं असतं तर अंगरखा चौतिसाचाच राहिला असता, आणि दुसरा शिवायला ना दिवस होते ना मखमल. खोटं बोलायला माझी जीभ वळलीही असती, देवाची क्षमा मागितली असती. पण बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत विनवणी नव्हती, भरवसा होता. 'सांग त्यांना' असं म्हणत होते ते डोळे. मी नाही म्हटलं असतं तर सगळ्यांदेखत बाबा फुशारकी मारणारे ठरले असते.

"आहे," मी म्हटलं.

परतताना बाबांनी अंगरख्याची पिशवी माझ्या हातातून घेतली. मग म्हणाले, "भाल्याची जागा तशीच आहे म्हणे. आणि हे बघ, तुझ्या आईला इतक्यात सांगू नकोस. ती कुठं येणार आहे बघायला? झाल्यावर सांगू सावकाश."

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात जेवणाच्या सुट्टीत मी कुशीच्या शिवणी आणि खालची दुमड उसवली. साध्या कापडाला इस्त्री फिरवली की जुन्या टाक्यांच्या खुणा जातात. मखमल तशी नाही. वाफ दिली, ब्रश फिरवला, ओल्या फडक्यानं चोळलं. बगलेपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंना बारीक भोकांची एकेक रेघ राहिलीच. लांबून कुणाला दिसणार नव्हती. मला मात्र त्या दोन रेघांच्या मध्ये बाबा उभे दिसायचे. शेजारच्या मशीनवरची बाई म्हणाली, "अगं, कुणाचं एवढं सुजलंय?" मी पुढची शिवण उसवायला घेतली.

आणि घरी? घरी बाबांची तालीम चालूच राहिली. पंधरा दिवस ते आईसमोर राजा होत राहिले. दाढी करताना, कपडे वाळत घालताना. "राज्य दिलं, फौज दिली..." मी ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायची. आई हाक मारायची, "अगं ऐक तरी, आज काय सुरेख झालं!" आणि लगेच जीभ आवरून, "म्हणजे कालच्यापेक्षा बरं. काल राजाला पडसं झालेलं वाटत होतं."

एकदा मी बाबांना जिन्यात गाठलं. "बाबा, सांगून टाका ना तिला."

ते कठडा धरून उभे राहिले. "अजून चार दिवस आहेत," ते म्हणाले. "चार दिवस राहू दे."

प्रयोग रविवारी दुपारी चारला होता. मी सुईदोरा घेऊन विंगेत उभी, काही उसवलं तर हाताशी असावं म्हणून. पहिली घंटा झाली तेव्हा पडद्याच्या फटीतून बघितलं. चौथ्या रांगेत आई बसली होती. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी आणि त्यांच्या मुलीनं तिला दोन्हीकडून धरून तीन जिने उतरवलं होतं. ठेवणीतली साडी, तोंडाला पावडर. आजूबाजूच्यांना काहीतरी सांगत होती. काय सांगत असणार ते ऐकायची गरज नव्हती.

मी बाबांकडे धावले. ते भाला पुसत होते. "बाबा, आई आलीय."

त्यांचा हात थांबला. "कुठं?"

"चौथ्या रांगेत."

त्यांनी पागोट्यासारखी ती भालदाराची टोपी नीट केली. दुसरी घंटा झाली. "जागेवर जायला हवं," ते म्हणाले आणि गेले.

पडदा उघडला. अंगरखा आत आला. चौसष्ट शेपट्या, तीन सिंह, टाचेपर्यंतचा घोळ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनंही वाजवल्या, आधी. मग तिनं मान पुढे काढली. मखमलीवरून तिची नजर वर मुकुटापर्यंत गेली, मुकुटाखालच्या चेहऱ्यावर थांबली, आणि मग सावकाश सिंहासनाच्या डाव्या हाताला सरकली. भाला होता तिकडे.

पुढचे दोन अंक मी आईकडे बघितलं नाही.

साहेबांनी तसं बरं केलं. शेवटच्या प्रवेशापर्यंत. मुकुट उतरवून हातात घेतला, खड्या आवाजात म्हणाले, "राज्य दिलं, फौज दिली, किल्ल्या दिल्या," आणि पुढचं गेलं. साफ गेलं. पलीकडच्या विंगेतला प्रॉम्प्टर पानं उलटत होता, त्याचं पान सापडेना. साहेबांच्या कपाळावरून घाम गालावर आला. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं.

बाबा त्यांच्यामागे हातभर अंतरावर.

जन्मभर मी देवाकडे दुसऱ्याचं भलं मागत आले. माझ्यावर संस्कारच तसे. त्या क्षणी मी डोळे मिटून म्हटलं, देवा, बाबांच्या तोंडाला कुलूप घाल. पडू दे हे सगळं. त्या माणसाला तसाच उभा राहू दे, सगळ्यांनी बघू दे.

मी डोळे उघडले तेव्हा बाबांचे ओठ हलत होते. जेमतेम. समोर नजर, भाला ताठ, आणि ओठांच्या फटीतून, "पण राजासारखं उभं राहायची..."

"पण राजासारखं उभं राहायची!" साहेब गरजले.

ओळीमागून ओळ, तीन पानं. बाबा आत सांगत होते, साहेब बाहेर बोलत होते. थांबायच्या जागी बाबा थांबले, म्हणून साहेबही थांबले, आणि हॉल चिडीचूप झाला. ते थांबणंसुद्धा साहेबांचं झालं. चौथ्या रांगेत आईचे ओठ हलत होते, बाबांच्या बरोबरीनं, एक अक्षर मागेपुढे नाही.

टाळ्या थांबेनात. साहेबांना दोनदा पुढे यावं लागलं.

बाहेर चहाच्या टेबलापाशी साहेब मुद्दाम आईजवळ आले. "वहिनी, आज तुमच्या मिस्टरांनी लाज राखली माझी. देवमाणूस आहे."

"हो," आई म्हणाली. "सवय आहे त्यांना."

साहेबांना ते कौतुक वाटलं.

रिक्षानं घरी आलो. तीन जिने चढायला आईला अर्धा तास लागला. प्रत्येक वळणावर ती थांबायची आणि दोन पायऱ्या खाली बाबा उभे राहायचे. त्यांचा चेहरा मला दिसत होता. ते वाट बघत होते. संसारातलं सगळ्यात मोठं आख्यान आता सुरू होईल, आई एकेक शब्द पारखून टाकील, पंधरा दिवसांच्या खोटेपणाचं सालटं काढील. आणि मग ते हसतील, कान पकडतील, आणि सगळं होतं तसं होईल.

घरात आल्यावर आई खाटेवर बसली नाही. भिंतीचा आधार घेत आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"तीन तास उभे होतात," ती हळू आवाजात म्हणाली. "पाय दुखत असतील. बसा."

बाबांनी तांब्या घेतला नाही. "अगं, बोल ना."

"काय बोलू? छान झालं नाटक."

"तसं नाही. काहीतरी बोल."

"तुम्ही दमलाय. पडा जरा," आई म्हणाली आणि त्यांच्या पाठीवर, खांद्यांच्या मधोमध हात ठेवला, आजाऱ्याच्या ठेवतात तसा.

बाबा बसले. असे बसले, की आपण पुन्हा उठायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. अंगरखा मंडळाच्या ट्रंकेत आहे. बाबा रिटायर झाले, दिवसभर घरी असतात. आई त्यांच्याशी फार मायेनं वागते. वेळेवर चहा, वेळेवर औषध, आवाज चढवणं नाही की टोमणा नाही. शेजारपाजारचे म्हणतात, किती छान जोडपं, म्हातारपणी असं असावं. बाबा बाहेरून आले की दाराशी चपला काढत अजून थोडे रेंगाळतात, स्वयंपाकघराकडे कान देऊन. आतून आई म्हणते, "आलात का? बसा हं."

मी रोज देवासमोर हात जोडते. पूर्वी बरंच काही मागायची. हल्ली एवढंच मागते की आईनं एकदा, फक्त एकदा, त्यांना लागेल असं बोलावं.